दर दीड मिनिटाला वीरमरण

१० ऑगस्ट, रविवार

या घरात ओरडायची सोय नाही. एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सासरे आणि एक अकरा वर्षांची मुलगी. त्यांचं बीपी, हिची परीक्षा. म्हणून वहीत ओरडायचं ठरवलंय. औषध कंपनीच्या माणसाने लॅबमध्ये दिलेली डायरी जानेवारीपासून कोरीच पडली होती.

सकाळी अरविंदजी आले, आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष. हातात पेढे होते, म्हणजे काम असणार हे मी ओळखलं. यंदा मंडळाची झांकी आहे 'सात समंदर पार तिरंगा'. (देखावा म्हटलं की इथे अजून लोक माझ्या तोंडाकडे बघतात. साताऱ्याहून इंदूरला येऊन मला सोळा वर्षं झाली.) परदेशी जाऊन देशाचं नाव राखणारे आपले सैनिक, असा विषय. आणि मधोमध कोण, तर मेजर अभिराम पागनीस. माझा नवरा.

"वहिनी, पूरे राजेंद्र नगरला माहीत झालं पाहिजे, आपल्या गल्लीतला मुलगा तिकडे आफ्रिकेत जाऊन काय करून आला ते."

फोटो मागतील म्हणून मी उठले, तर कळलं फोटो गेल्याच आठवड्यात पोचलाय. अण्णांनी दिला. मला न विचारता. मी स्वयंपाकघरातून त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांनी पेपर वर केला. माझे सासरे रागावत नाहीत, वाद घालत नाहीत, नुसता पेपर वर करतात. मला त्याची जास्त चीड येते.

तरी मी नाही म्हटलं नाही. उलट लिहून दिलं. अभिराम सैन्याच्या इंजिनिअर्समध्ये होता. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला गेला. तिथली माती पाण्यात अशी होते की पावसाळ्यात चार-चार महिने गावं तुटतात आणि धान्याचे ट्रक मधेच रुतून बसतात. त्याने आणि त्याच्या लोकांनी अकरा किलोमीटर रस्ता भराव घालून उचलला. त्या वर्षी पावसाळ्यात पहिल्यांदा ट्रक गावापर्यंत गेला. मग ऑक्टोबरमध्ये तो मलेरियाने गेला. सगळं एका पानावर, सुवाच्य अक्षरात.

अरविंदजींनी कागद वाचला, खिशात ठेवला. "बहोत बढिया, वहिनी," म्हणाले.

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. सात वर्षांत त्या रस्त्याबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं.

१५ ऑगस्ट

कॉलनीच्या बगिच्यात झेंडावंदन. दरवर्षी मला पहिल्या रांगेत बसवतात. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस कचरागाडी माझ्या दारासमोरून न थांबता गेली तरी कुणाला फिकीर नसते, पण आज मी वीरपत्नी.

अरविंदजी माइकवर म्हणाले, "जिन्होंने दुश्मन की गोली सीने पर खाई, ऐसे हमारे मेजर साहब."

गोळी. कसली गोळी? माझा कागद त्यांच्या खिशात आहे. मलेरिया हा शब्द मी दोनदा लिहिलाय.

घरी आल्यावर तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिथे मी काय केलं? काहीच नाही. हातात बुंदीचा दोना होता, शेजारी बसलेल्या बाईंनी माझा हात धरून डोळे पुसले, आणि मी मान खाली घालून बसले. लोकांना वाटलं असेल, बाई गहिवरली. अण्णा टाळ्या वाजवत होते. त्यांना तर सगळं माहीत आहे. तो कशाने गेला हे कळवणारं सैन्याचं पत्र त्यांनीच पहिल्यांदा फोडलं होतं.

१९ ऑगस्ट

लॅबमध्ये मलेरिया सापडला. मुलगा चोवीस वर्षांचा, पीथमपूरच्या कारखान्यातला, पाच दिवस ताप. काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि पहिल्याच नजरेत दिसल्या त्या बारीक अंगठ्या, लाल पेशींच्या आत बसलेल्या. मेंदूत जाणारा, वाईट जातीचा. रिपोर्ट टाइप व्हायची वाटसुद्धा पाहिली नाही, डॉक्टरांना फोन केला. तो वाचेल.

चौदा वर्षं मी हेच काम करते. नवरा ह्याच रोगाने गेला, तर लोक मला म्हणतात, दुसरं काम बघ. का बघू? मी रोज त्याला पकडते.

अभिरामने चार दिवस ताप अंगावर काढला. त्यांची मेडल परेड होती. मिशनमधल्या प्रत्येक तुकडीला मेडल मिळतं, निळ्या टोप्या घालून संचलन होतं, आणि त्याच्या तुकडीच्या पुढे तोच चालणार होता. चार दिवस गोळ्या घेऊन ताप दाबला, कुणाला पत्ता लागू दिला नाही. परेड केली. संध्याकाळी कोसळला. तिसऱ्या दिवशी संपलं.

मला त्याचा राग येतो हे मी कुणाला सांगू शकत नाही. मेलेल्यावर रागावलेली बायको चांगली दिसत नाही.

२४ ऑगस्ट

स्पृहा रोज शाळेतून आली की दप्तर फेकून मंडळाच्या मांडवात पळते. काय करतेस विचारलं तर, "आई, तू येऊ नको हं. सरप्राइज करून राहिलो आम्ही." परेश तिथे असतो म्हणून मी सोडते. परेश अभिरामचा शाळेपासूनचा दोस्त, विजेची कामं घेतो, झांकीची सगळी हलती यंत्रं दरवर्षी तोच करतो. त्याच्या असण्याने मी निर्धास्त आहे.

पोरगी खुशीत आहे. गेलं वर्षभर शाळेत धड मैत्रीण नव्हती, आता चार-चार जणी हाका मारत येतात. रात्री जेवताना तिने मला विचारलं, "बाबांची आवाज कशी होती?"

"कसा होता," मी म्हटलं.

"हां, कसा होता?"

मी सांगितलं, जाड, आणि फोनवर उगाच मोठा. ती तसं बोलून बघत होती. मला हसू आलं.

२७ ऑगस्ट, चतुर्थी

घरचे गणपती बसले. संध्याकाळी झांकीचा पडदा उघडला.

आज लिहिणार नाही.

२८ ऑगस्ट

आज लिहिते. सुट्टी टाकलीय, सकाळीच अरविंदजींच्या घरी जाऊन तमाशा करून आलेय.

मांडवात खोटं गवत, मागे पुठ्ठ्याचे डोंगर. दक्षिण सुदानात त्या भागात एकही डोंगर नाही. मध्ये कपड्यांच्या दुकानातला पुतळा, सैनिकी वेशात, मोटरसायकलचं हेल्मेट निळं रंगवून डोक्यावर. हातात बंदूक. उजव्या अंगाला दोन पुतळे, तोंडाला काळा रंग फासलेला, त्यांच्याही हातात बंदुका. धडधड आवाज येतो, निळ्या हेल्मेटवाल्याच्या छातीत लाल दिवा लागतो, मोटर फिरते आणि तो मागे पडतो. तिरंगा वर जातो. मग मोटर उलटी फिरते, तो करकरत उभा राहतो आणि पुन्हा मरतो. मी घड्याळ लावून बघितलं. दर दीड मिनिटाला माझा नवरा मरतो.

ते दोन काळे पुतळे. ज्यांच्या पोरांना धान्य मिळावं म्हणून तो सहा महिने चिखलात उभा होता, त्यांनाच याचे मारेकरी करून ठेवलं. माझ्याकडे व्हिडिओ आहे, पहिला ट्रक गेला त्या दिवशीचा. बायका नाचतायत आणि हा मध्ये बावळटासारखा उभा आहे, एक म्हातारी त्याच्या गालाला माती लावते आहे. त्या म्हातारीला तोंड दाखवायची लाज वाटली मला काल.

आणि आवाज. स्पीकरमधून येणारा आवाज. "मेरे बाबा मेजर अभिराम पागनीस. दुश्मनों ने चारों तरफ से घेर लिया, पर बाबा एक कदम पीछे नहीं हटे." माझ्या मुलीचा आवाज. जाड करून काढलेला. पडदा उघडल्यावर ती माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणते म्हणून. मी आरतीला न थांबता घरी आले.

अरविंदजी पोहे खात होते. मला म्हणाले, बसा वहिनी, शेव टाकून देऊ?

मी म्हटलं, माझा कागद कुठाय. मलेरिया लिहिलं होतं. रस्ता लिहिला होता.

"वहिनी, आता तुम्हीच बताओ," ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले. "झांकीत मच्छर कसा दाखवायचा? लोक हसतील ना. आणि रस्ता तर महापालिका पण बनवते. त्यात पब्लिकला काय रोना येणार? काल बघितलं तुम्ही, बायका रडत होत्या. मोठ्या बक्षिसात नाव आहे यंदा आपलं."

मी म्हटलं, ज्या बायका रडल्या त्या तुमच्या पुतळ्यासाठी रडल्या, त्याचा अभिरामशी काही संबंध नाही. तो खोटं न बोलणारा माणूस होता आणि तुम्ही त्याला रोज दोनशे वेळा खोटं मरायला लावताय. बंद करा.

त्यांनी पोह्यांची ताटली खाली ठेवली. "आम्ही आपल्या मनाचं काहीच नाही केलं. आम्ही तुमच्या कागदावरच चालू केलं होतं. परेशने रस्त्याचं मॉडेल पण बनवलं. मग स्पृहा म्हणाली, नाही काका, असं नाही झालं, बाबांना गोळी लागली होती. तिनेच पूरी कहाणी सांगितली. आता घरची मुलगी सांगते, तर आम्ही खोटं समजायचं?"

मी उठून आले.

२९ ऑगस्ट, दुपार

स्पृहा शाळेतून आल्याबरोबर विचारलं. शांतपणे विचारलं असं मला वाटत होतं, पण अण्णा आतून बाहेर आले, म्हणजे ओरडलेच असणार.

"गोळीचं कुणी सांगितलं तुला?"

"तू."

"मी? कधी?"

"थर्डमध्ये. तूच बोलली होती." आणि दार आपटून खोलीत गेली.

मी असं काही सांगितलेलं मला अजिबात आठवत नाही. मुलं काहीबाही जोडतात मनात.

संध्याकाळ

आठवतंय.

तिसरीत होती. वर्गातल्या एका मुलाने म्हटलं, तेरे पापा को तो मच्छर ने मारा, आणि मग मधल्या सुट्टीत सगळी पोरं तिच्या कानाजवळ येऊन गुणगुण आवाज काढायची. आठवडाभर. ती घरी येऊन जेवेना. मी लॅबमधून दमून आले होते, कुकर लावत होते, आणि ती रडत रडत विचारत होती, "मच्छरने कोणी मरतं का?" आणि मी म्हटलं, सांग त्या कार्ट्याला, माझ्या बाबांना लढताना गोळी लागली. तीन गोळ्या लागल्या म्हणावं.

दुसऱ्या दिवसापासून ती जेवायला लागली. मी विषय विसरून गेले. ती विसरली नाही, तिने तीन वर्षं ते सांभाळून ठेवलं आणि मोठं केलं.

पण मी मांडव घालून पुतळे नाचवायला सांगितलं नव्हतं. ते अरविंदजींचंच पाप आहे. हे मी मागे घेणार नाही.

३१ ऑगस्ट

गौरी आल्या. येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडी झांकीच. किती सुंदर बोलते हो तुमची लेक. मी हळदीकुंकू लावत राहिले. दाताखाली जीभ धरून धरून जबडा दुखतोय.

आता अण्णांचं. रोज संध्याकाळी सात वाजले की ते धुतलेला सदरा घालतात, प्लास्टिकची खुर्ची उचलतात आणि झांकीसमोर जाऊन बसतात. नऊपर्यंत. येणारे-जाणारे पाया पडतात. शहीद के पिताजी. आणि हे बसून घेतात. मिरवणारा म्हातारा. पत्र यांनी वाचलं, शवपेटी यांनी उतरवून घेतली, यांना सगळं माहीत आहे, आणि खोट्या मरणाच्या पुढ्यात बसून नमस्कार घेतात.

आज मी जाऊन विचारलंच. "अण्णा, तुम्हाला बघवतं कसं हो?"

"पडतो तेव्हा मी डोळे मिटतो," ते म्हणाले. "मोटर उलटी फिरली की आवाज बदलतो. मग उघडतो."

मग बघायचंच कशाला? मला या माणसाचं काही कळत नाही. मी परत आले, ते बसून राहिले.

२ सप्टेंबर

लॅब सुटल्यावर परेशकडे गेले, तो मांडवामागे मोटरला तेल देत होता. मी म्हटलं, तू तरी. तू त्याच्या शेजारच्या बाकावर दहा वर्षं बसलास.

परेशने हात पुसले. "मी दोनदा बोललो अरविंदभियाला. रस्त्याचं मॉडेल घरी पडलंय माझ्या, पूरं बनवलेलं, छोटे छोटे ट्रक पण आहेत. पण यार यामिनी, ती पोरगी. पहिल्या दिवशी तिने गोष्ट सांगितली ना, तर तिच्या शाळेतल्या पोरी तोंड उघडून ऐकत होत्या. मला नाही जमलं तिच्यासमोर बोलायला, की बेटा असं नाही."

"मग आता?"

"तू बोल. तू आत्ता बोललीस तर मी आत्ता तार काढतो. अरविंदभियाला मी बघून घेईन." तेलाचा डबा बाजूला ठेवून म्हणाला, "पण तिला काय सांगशील ते आधी ठरव. शुक्रवारी मोठे पाहुणे येणार, सत्कार आहे, ती स्वतः माइकवर बोलणार आहे."

मी तार काढ म्हटलं नाही. तोंडाशी आलं होतं. सबंध गल्लीसमोर यंत्र बंद पडलं तर उद्या शाळेत तिच्या कानाशी पुन्हा गुणगुण सुरू होणार, आणि या वेळी खोटारडी म्हणून. अरविंदजींना चार शब्द सुनावणं सोपं होतं.

३ सप्टेंबर

स्पृहाला शाळेतून परस्पर लॅबमध्ये नेलं. त्या पीथमपूरच्या मुलाची काच मी ठेवून दिली होती. स्टुलावर उभी केली, भिंग नीट लावून दिलं.

"काय दिसतं?"

"गुलाबी गोल गोल. एकात काहीतरी अंगठीसारखं आहे."

"तेच. त्याने तुझे बाबा गेले."

तिने डोळा काढला नाही. "हे?"

"हे. गोळी लागली नव्हती. ते मी सांगितलं होतं, कारण तू जेवत नव्हतीस आणि मला दुसरं सुचलं नाही. मी खोटं बोलले तुझ्याशी."

मग मी तिला तो व्हिडिओ दाखवला. तिने याआधी तो बघितला नव्हता. मी दाखवलाच नव्हता, खोटं उघडं पडेल म्हणून की काय, देव जाणे. बायका नाचताना, ट्रक जाताना, ती म्हातारी माती लावताना. तिने तो तीनदा बघितला. मी सांगितलं, बघ, हे असं करायला आपला देश माणसं पाठवतो. कुणाची जमीन घ्यायला नाही, लढाई जिंकायला नाही, दुसऱ्याच्या चिखलात रस्ता करायला. हे काम करताना जो मेला तो लढणाऱ्यापेक्षा तसूभर कमी नाही. मला याचा अभिमान आहे, आणि तो अभिमान कुणी घेत नाही, सगळ्यांना गोळीच हवी. मी बरंच बोलले. बहुतेक आवाज चढला, कारण काउंटरवरचा माणूस डोकावून गेला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मतलब मी आठ दिवस सगळ्यांसमोर झूठ बोलून राहिली. आणि तू ऐकून राहिली."

घरी येईपर्यंत आणि त्यानंतर एक शब्द नाही.

४ सप्टेंबर

अजून बोलत नाही. आजोबांशी बोलते, परेशशी बोलते. माझ्या ताटातली पोळी मागायची असली तरी आजोबांना सांगते.

अरविंदजींना फोन केला, उद्या तिला माइकवर उभं करू नका. ते म्हणाले, वहिनी, कार्ड छापले गेले.

५ सप्टेंबर

शेपाचशे माणसं होती. पाहुणे, हारतुरे, गल्लीच्या तोंडापर्यंत खुर्च्या. झांकी चालूच. अण्णा पुढे आपल्या खुर्चीवर. मी मागच्या बाजूला उभी होते, कारण पहिल्या रांगेत बसायची माझी हिंमत झाली नाही.

स्पृहाला बोलावलं. अरविंदजींनी माइक खाली करून दिला. तिच्या हातात कागद नव्हता.

ती म्हणाली, "मेरे बाबा को गोली नहीं लगी थी. उनको मलेरिया हुआ था. उन्होंने वहां ग्यारह किलोमीटर का रास्ता बनाया. जो दो लोग बंदूक लेके खड़े हैं, वो उनके दुश्मन नहीं थे, वो रास्ता उन्हीं के लिए था." मी हातातल्या पर्सचा पट्टा पिळत होते. "गोली वाली बात झूठ है. वो मैंने बनाई थी. सॉरी."

मैंने. तिने माझं नाव घेतलं नाही. माझ्याशी दोन दिवस न बोलणारी पोरगी पाचशे लोकांसमोर माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेऊन उभी राहिली.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुठून तरी कुणी हसलं. अरविंदजींनी माइक घेतला आणि म्हणाले, "बच्ची ज़रा भावुक हो गई है," आणि त्याच क्षणी मागे धडधड झालं, लाल दिवा लागला, पुतळा पडायला लागला.

कशी गेले माहीत नाही, खुर्च्यांना धडका देत गेले. अरविंदजींच्या हातून माइक घेतला. हिंदीत बोलायला हवं होतं पण मराठीच निघालं. म्हटलं, मुलगी भावुक वगैरे काही नाही, ती खरं बोलते आहे. एकच गोष्ट खोटी बोलली. गोळीचं तिने बनवलं नाही, मी बनवलं. तिला मी सांगितलं. तुमच्याच मुलांनी तिला मच्छर मच्छर करून छळलं, म्हणून सांगितलं. तेव्हा तुमच्या घरी जाऊन मी भांडायला हवं होतं, ते केलं नाही. आता कुणाला हसायचं असेल तर माझ्याकडे बघून हसा.

कुणी हसलं नाही. टाळ्याही कुणी वाजवल्या नाहीत. पाहुणे घड्याळ बघत होते.

परेशने तार ओढली. मोटर अर्ध्यात थांबली. पुतळा कमरेत मागे वाकून लोंबकळत राहिला, छातीतला दिवा विझला. ते बघणं पडण्यापेक्षा वाईट होतं.

अण्णा खुर्चीतून उठले. सात वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "परेश, असा नको ठेवूस रे त्याला. उभा कर. उभा कर आणि मग बंद कर."

परेश मांडवात शिरला. दोन्ही हातांनी चाक फिरवत त्याने पुतळा हळूहळू वर आणला, सरळ केला. अण्णांनी जवळ जाऊन हेल्मेट नीट बसवलं. मग खुर्ची उचलून घराकडे निघाले.

मिरवणारा म्हातारा असं मी याच वहीत लिहिलंय. ते खोडत नाही, राहू दे. मला लाज वाटत राहायला हवी.

६ सप्टेंबर, चतुर्दशी

झांकी मिरवणुकीत नेली नाही. अरविंदजी माझ्याशी बोलत नाहीत, त्यांच्या मते मी कॉलनीचं नाक कापलं. बोलू नयेत. सकाळी परेशने काळे पुतळे काढून नेले आणि त्या जागी त्याचं रस्त्याचं मॉडेल आणून ठेवलं. दुपारपर्यंत सात-आठ माणसं येऊन बघून गेली. त्यातल्या एकाने विचारलं, भराव किती उंच होता. मला माहीत होतं, मी सांगितलं.

गणपती पोचवून आलो. अण्णा पडले होते. मी ओट्यावरची भांडी आवरत होते, तर स्पृहा येऊन दारात उभी राहिली. तीन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"बाबांना चार दिवस ताप होता ना?"

"हो."

"तेव्हा त्यांनी तुला फोन नव्हता केला?"

"रोज करायचा."

"मग तुला नाही कळलं? तू तर रोज हेच बघते."

मी म्हणू शकले असते, नाही कळलं. त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही, लाइन खराब होती. इतकी वर्षं सगळ्यांना तेच सांगत आले, अण्णांना, परेशला, त्याच्या साहेबांना, दोन आठवड्यांपूर्वी या वहीला.

मी नळ बंद केला. म्हटलं, कळलं होतं. बोलताना त्याचे दात वाजत होते. मी म्हटलं, तुला ताप आहे, आत्ताच्या आत्ता रक्त तपास. तो म्हणाला, आत्ता गेलो तर मला झोपवून ठेवतील, परेड हातची जाईल, सगळ्या देशांच्या तुकड्यांपुढे आपला झेंडा घेऊन मी चालणार आहे, यामिनी, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. आणि मी इथे सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं त्या परेडचं.

"मग तू काय म्हणाली?"

"मी म्हटलं, बरं. आधी परेड नीट होऊ दे."